काळी चौकट

प्रिय झुमरा मावशी,

तुझ्याकडून इकडे येणारा रोझायेचा घाट कालपासून उघडला, असं बसवाला सांगत होता. तुझे गुडघे आता बरे असतील. आईला जाऊन आज तेवीस दिवस झाले. तिची खोली मी अजून आवरलेली नाही. चष्मा खिडकीत तसाच आहे.

खांबांवर लावायची मृत्यूची पत्रकं छापायला गेलो, तेव्हा छापखान्यातल्या बाईनं सवयीनं विचारलं, "चौकट काळी की हिरवी?" काळी क्रूसवाल्यांची, हिरवी मुसलमानांची. उत्तर मला ठाऊक होतं. मागच्या हिवाळ्यात जनगणनेची मुलगी घरी आली होती. आईनं तिला ठणकावलं होतं, "इस्लाम लिही, पोरी, आणि जरा ठळक लिही. याचा बाप होता तेव्हाही मी हेच सांगायचे."

पण शेजारी वुकायलो काका उभे होते, बाबांचे थोरले भाऊ. म्हणाले, "आपल्या घरची बाई हिरव्या चौकटीत? भर चौकात? उद्यापासून मी कॉफी कुठे प्यायची रे, दार लावून घरात?" बाई हसली. मीही हसलो. आणि म्हणालो, काळी. वर क्रूस. नाव शेफिका नको, शेजारणी हाक मारायच्या तेच, सोफिया. खाली शोक करणाऱ्या आप्तांची नावं द्यायची होती. क्रूसाखाली झुमरा कसं लिहायचं? तुझं नाव मी गाळलं.

पाद्रीबाबांनी विचारलं, बाप्तिस्मा झाला होता ना? त्यांनाही हो म्हणालो. ते सोफियासाठी प्रार्थना म्हणत होते, तोवर मी मान वर केली नाही. लोकांना वाटलं, दुःखानं.

सगळं उरकल्यावर, तिसऱ्या दिवशी तुला फोन केला. बर्फामुळे फोन लागत नव्हता म्हणालो, ते खोटं होतं. तू विचारलंस, "मौलवी आला होता ना रे? तिला नीट आंघोळ घातली ना?" मी दोन्हींना हो म्हणालो. मग तू रडत रडत म्हणालीस, "माझ्या बहिणीनं गुणाचा मुलगा वाढवला." मावशी, त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितो आहे. ते परत घे. आणि मग ये. काल मी कबरीवरचा लाकडी क्रूस काढला. तेव्हापासून काका माझ्याशी बोलायचे थांबलेत. तिथे आता नुसती माती आहे. मौलवींना घेऊन ये, जे म्हणायचं ते म्हणा, दगडावर काय कोरायचं ते तू सांग. मी लांब उभा राहीन. बोलावलंस तर जवळ येईन.

तुझाच,
नोवित्सा