रद्द म्हणजे रद्द

३ जून
क्लेम नामंजूर! आरोग्य विम्यावाल्यांचं पत्र — म्हणे, 'जुना दमा दडवला.' मी दडवला! चार दिवस नाकाला नळी लावून दवाखान्यात पडले होते, आणि हे मला खोटारडी ठरवणार? पॉलिसी रद्द. उद्याच.

४ जून
हे म्हणाले, "रागाच्या भरात काही करू नकोस." मग कधी करू, राग गेल्यावर?
फॉर्म भाऊजींनी भरला होता. माझे धाकटे दीर तेच आमचे एजंट. घरचा माणूस म्हणून मी डोळे झाकून सही केली. फोनवर चांगली खरडपट्टी काढली. "वहिनी, सोळा वर्षं झाली, आठवत नाही," एवढंच बोलले. कसं आठवेल!

६ जून
बाइंडिंगच्या कामावरून सुट्टी घेऊन कंपनीच्या ऑफिसात. घ्यायला एक सही, सोडायला तीन खिडक्या. तिसरीतली मुलगी म्हणते, "या वयात, दमा असताना, दुसरं कोणी पॉलिसी देणार नाही मॅडम." म्हटलं, "न देवोत. तू शिक्का मार."
भाऊजींविरुद्ध लेखी तक्रारही दिली. पुरावा म्हणून मूळ फॉर्मची प्रत मागितली.

७ जून
सासूबाई बोलत नाहीत. नका बोलू.

१५ जून
प्रत आली. अक्षर माझं आहे.
'दमा आहे का?' त्यापुढे 'नाही'. स्वच्छ, ठसठशीत, माझ्या हातचं.
लग्नाला दोनच महिने झाले होते. निघताना आईने बजावलं होतं, दम्याचं तिकडे अवाक्षर काढू नकोस. पंप मी कपाटात कपड्यांखाली लपवायचे. फॉर्म भरला तेव्हा सासूबाई समोरच शेंगा सोलत बसल्या होत्या. काय लिहिणार होते मी? पुढे दमा सगळ्यांना कळला आणि फॉर्म मी साफ विसरले. खरंच विसरले, की सोयीने, देव जाणे.
लाज वाटते. बिचाऱ्या भाऊजींना उभं-आडवं घेतलं. आणि कंपनीचं बरोबर निघालं याचा राग वेगळाच!
पॉलिसी रद्द ती रद्दच. तक्रार मात्र उद्या मागे घेते.

१६ जून
मॅनेजर म्हणाले, "तक्रार मागे कशाला घेताय? तुमच्या दिरांनी परवाच लिहून दिलं — वहिनी दमा सांगत होत्या, 'नाही' लिहायला मीच लावलं. तुमचा क्लेम पुन्हा बघतोय आम्ही. त्यांची एजन्सी मात्र गेली."
खरं काय ते लिहून द्यायला मी त्यांच्याकडे एक कोरा कागद मागितला.