चौथे अर्घ्य

अण्णा,

ज्याच्या कृपेने सूर्य आपली वेळ चुकवीत नाही, आणि वेळ चुकलेल्या माणसालाही जो पुन्हा एक सकाळ देतो, त्याची कृपा या अक्षरांवर असो. एवढे मागून मुद्द्याला हात घालतो. तुमचे श्राद्ध मी एकतीस वर्षे चुकीच्या तिथीला करीत आलो आहे, आणि ती तिथी चुकीची आहे हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे.

आज हे लिहायला बसण्याचे निमित्त तुमच्या पणतीचे. तिचा बाप, तुमचा नातू, नोकरीसाठी भोपाळला असतो. मी इथे सिटी सेंटर वस्तीतल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर एकटा. सकाळची संध्या, पूजा, पोथीचा एक अध्याय, आणि मग दिवसभर बोलायला कोणी नाही. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. इंग्रजीची परीक्षा तोंडावर होती. "आजोबा, 'आफ्टर लंच' तो आता है मला. पण त्याच्या आधी कधी 'जस्ट' लावतात, कधी 'राइट', कधी 'लाँग'. टीचर म्हणतात, फील करो. आता बताओ, काय फील करू?" मी तिला म्हटले, यात फील करण्यासारखे फार नाही, पाहण्यासारखे आहे, आणि तुम्ही मला जसे शिकवले होते तसे शिकवू लागलो.

तो स्वयंपाकघरातला कोपरा मला अजून दिसतो. आई सिगडीवर दूध ठेवते आहे, तुम्ही संध्या आटोपून ओल्या पंच्यानेच पाटावर बसला आहात, माझी मुंज होऊन दोन महिने झाले आहेत आणि माझ्या मांडीवर पाटी आहे. दिवसभर शाळेत इंग्रजी शिकवणारे तुम्ही घरी ती भाषा संध्येच्या वेळांवर बसवीत होता. तारे दिसत असताना केलेली संध्या उत्तम: 'वेल बिफोर सनराइज'. तारे मावळले, सूर्य अजून यायचा आहे, ती मध्यम: 'जस्ट बिफोर सनराइज'. सूर्य वर आल्यानंतरची कनिष्ठ, आणि तिथेही तुम्ही तारतम्य ठेवीत असा: लगेचची 'राइट आफ्टर', पुष्कळ उशिराची 'लाँग आफ्टर'. मी एकदा 'बिफोर जस्ट सनराइज' असे लिहिले तेव्हा तुम्ही आईला हाक मारलीत, "अगं, बघ, चिरंजीवांनी पागोटे पायात घातले आहे." एकदा मी 'शॉर्टली ॲट नून' लिहिले. त्यावर तुम्ही पाटीवर एक ठिपका काढलात. "'ॲट' म्हणजे हा ठिपका. ठिपक्याला लांबी नसते, मग थोडे कुठले आणि फार कुठले? त्याच्यापुढे 'एक्झॅक्टली' शोभते. मापायचे असेल तर आधी आणि नंतर हवे." आणि मग जे म्हणालात ते मी पुढे चाळीस वर्षे संस्कृत शिकवताना माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगत आलो: "'बिफोर सनराइज' हे जगाचे, ते कोणीही सांगेल. त्याच्या आधीचा तो लहानसा शब्द मात्र तुझा. तो तुझी साक्ष. म्हणून न घडलेले वाक्य या पाटीवर लिहायचे नाही."

तो नियम तुम्ही कधी सैल केला नाहीत. मी सूर्य चांगला हातभर वर आल्यावर संध्येला बसलो आणि पाटीवर 'जस्ट बिफोर' लिहिले, त्या दिवशी तुम्ही रागावला नाहीत. पाटी पुसलीत, ताम्हन पुढे ओढलेत आणि म्हणालात, "वेळ टळली तर शास्त्राने सोय ठेवली आहे. तीन अर्घ्ये रोजची, चौथे उशिराच्या प्रायश्चित्ताचे. पण ज्याने उशीर झालाच नाही असे सांगितले, त्याने चौथे द्यायचे कशाबद्दल?" मला त्या वयात ते फटक्यापेक्षा जास्त लागले होते.

हे सारे मी पोरीला सांगितले. ती म्हणाली, "पण मेरी तो संध्या नाही ना, आजोबा!" मी म्हटले, "मग दूधवाल्यावर बसव." ती खळखळून हसली. मग म्हणाली, "अच्छा, आता तुमचं एक सच्चा वाक्य द्या. टीचरला रियल लाइफमधलं पाहिजे." मी सुरुवात केली, 'माय फादर पास्ड अवे शॉर्टली आफ्टर', आणि पुढे मला येईना. "आजोबा? फोन हँग झाला का?" मी तिला दूधवाल्याचेच एक वाक्य दिले आणि फोन ठेवला.

अण्णा, ती मार्गशीर्षातली सकाळ तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. तुम्ही तीन महिने अंथरुणावर होता. मी औषध आणायला नव्या बाजारात निघालो, तेव्हा नऊ वाजून गेले होते. तुम्ही डोळे उघडलेत आणि त्या क्षीण आवाजातही आपला जुना खेळ मांडलात: "कम बॅक वेल बिफोर टेन." मी उंबरठ्यावरून उत्तर दिले, "एक्झॅक्टली ॲट टेन, अण्णा." तुम्ही हसला होता असे मला वाटते. नक्की सांगता येत नाही, कारण मी पूर्ण वळून पाहिले नाही.

औषध पाव तासात मिळाले. परतताना दाल बाजारात ओळखीच्या एका व्यापाऱ्याने हाक मारली. त्याला दुकानाची नवी गादी मांडायची होती. "पंडितजी, बस एक मुहूरत देख दो, आप जैसा कोई बताता नहीं." हे शेवटचे शब्द त्याने म्हटले नसते तर मी थांबलो नसतो. पंचांग त्याच्याजवळच होते. मी एक मुहूर्त काढला, मग त्यातला दोष दाखवला, मग त्याहून चांगला काढला. शेजारचे दोघे येऊन ऐकू लागले. चहा आला, पुन्हा आला. त्या दिवशीची सप्तमी अकराच्या आतच संपत होती, पुढे अष्टमी लागत होती, हे मी माझ्या तोंडाने त्यांना समजावून सांगितले. खिशात तुमचे औषध होते.

मी घरी आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. आई तुमच्या उशाशी बसली होती. "गेले रे," ती म्हणाली. "नळ गेला, मी हंडा आत आणून ठेवला, आणि वळून पाहते तो..." आपल्या गल्लीतला नळ साडेअकराला जाई. तुमच्या ओठांवर तुळशीचे पान होते. ते तिने ठेवले होते, गंगाजलही तिनेच घातले होते.

थोड्या वेळाने काका आले. तुमचे धाकटे भाऊ, त्यांचा स्वभाव तुम्ही जाणताच. दारातूनच विचारले, "तू जवळ होतास ना? पाणी कोणी घातले?" ओसरीवर दहा माणसे होती. मी म्हणालो, "होतो. दहाला परत आलो. पाणी मीच घातले, आणि लगेचच गेले." काकांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे दहाच्या सुमारास. सप्तमी." मी आईकडे पाहिले. ती सुपातल्या तांदळाकडे पाहत होती. "हो," ती म्हणाली, "त्यानेच घातले." तुमच्या घरात तिच्या तोंडून निघालेले खोटे असे ते एकच वाक्य असेल, आणि तेही माझ्यासाठी.

आई त्यानंतर नऊ वर्षे होती. दर वर्षी सप्तमीला श्राद्धाचा स्वयंपाक ती स्वतः करी. आणि दुसऱ्या दिवशी, अष्टमीला, स्वतः जेवण्याआधी भाताचा एक घास घेऊन गच्चीच्या कठड्यावर ठेवून येई. मी एकदा विचारले, "हे आज कशाला, आई?" तिने पदराला हात पुसले. "कावळे कालचे उपाशी राहिले असतील." मला कळले, आणि पुढच्या वर्षीही मी श्राद्ध सप्तमीलाच केले. मी लोकांना पितृऋण समजावून सांगतो, अण्णा. माझ्या प्रवचनात माणसे डोळे पुसतात. आई गेल्यानंतर बावीस अष्टम्या आल्या आणि गेल्या. त्या कठड्यावर कोणी काही ठेवले नाही. आता तर ते घरही राहिले नाही.

पोरीचा फोन ठेवल्यावर दोन दिवस मी पोथी उघडली नाही. तिसऱ्या दिवशी आपल्या भटजींना फोन केला. तरुण आहेत, माझ्याशी थट्टेने बोलतात. "काका, यंदा अष्टमीला? पंचांग बदललं की तुम्ही बदललात?" मी म्हणालो, यंदापासून अष्टमीलाच. "पक्कं ना? मग मी सप्तमीला दुसरं काम घेतो." मी पक्के म्हणालो.

काल सप्तमी झाली. एकतीस वर्षांत प्रथमच तो दिवस मोकळा गेला. मी कोऱ्या कागदावर तुमच्या नियमाप्रमाणे दोन वाक्ये लिहिली. 'माय फादर डाइड शॉर्टली आफ्टर हाफ पास्ट इलेव्हन. आय केम होम वेल आफ्टर ट्वेल्व्ह.' शब्द आपापल्या जागी आहेत, तपासून पाहा. आज पहाटे तारे असतानाच उठलो होतो, संध्या वेळेतच झाली. तरी तीन अर्घ्यांनंतर ओंजळ पुन्हा भरली आणि चौथे दिले. थोड्या वेळाने भटजी येतील. भात शिजतो आहे, मीच लावला आहे. या घराला गच्ची नाही. घास खिडकीच्या पट्टीवर ठेवीन. कावळे तिसऱ्या मजल्यावर येतात की नाही ते अजून पाहिलेले नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? पोथीत आईच्या खुणेच्या पानाशी ठेवतो. तिथे तिने ठेवलेले एक तुळशीचे पान आहे. पण मिटण्याआधी एक राहिले. भटजींनी फोनवर विचारले होते, "पण काका, इतकी वर्षं सप्तमी कशी काय?" मी म्हणालो, "तेव्हा गणित चुकले होते." गणित चुकले नव्हते, अण्णा. तेवढे मला अजून त्यांना सांगता आलेले नाही.

हे पान पुढे ज्याच्या कोणाच्या हाती लागेल, त्याला त्याच्या माणसांजवळ वेळेत पोहोचता येवो. आणि ज्याला उशीर झाला असेल, त्याला तसे सांगण्याचे बळ मिळो.