आजारी न पडणारी सून

३ ऑगस्ट २००६, गुरुवार
माझा नवरा वेलेंकोसी जाऊन आज वर्ष झालं. माझ्याही अंगावर हे विधवेचे काळे कपडे चढून वर्ष! आज ते जाळायचे, बकरं कापायचं, मी मोकळी. कसलं काय! सासूबाईंनी चूलसुद्धा पेटवली नाही. शेजारणींसमोर म्हणाल्या, "माझा लेक सुकून काटकी झाला. हिलाही तोच रोग, आणि हिच्या गालांवर तेज बघा! काय करणी केलीस ते आधी कबूल कर. मग उतरव काळं."
तेज म्हणे! नुसता संताप होतोय.

५ ऑगस्ट
दवाखान्याच्या वाटेवरच्या मिनीबस टॅक्सीत सगळ्यात मागे बसले. विधवेची जागा तीच. शेजारची बाई तरीही सरकली. सरक बाई, सरक.

८ ऑगस्ट
दवाखाना. डॉक्टर पिल्ले खूश — "तुझ्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही. गोळ्या अजून नकोत." आणि संशोधनासाठी पुन्हा सहा नळ्या रक्त! मी भडकले. म्हटलं, इथे माझं रक्त सोनं आणि घरी मी चेटकीण. समजेल असं सांगा तरी!
सांगितलं. रक्तात टी पेशी असतात. काही मदतनीस, काही मारेकरी. हा विषाणू मदतनीसांच्याच पोटात घर करतो आणि त्यांना संपवतो. (मदत करणाराच आधी मरतो — यात नवल ते काय!) विषाणू रूप बदलत राहतो, मारेकरी फसतात, शेवटी थकतात. माझे मारेकरी मात्र त्याला अशा जागी धरतात की तिथे रूप बदललं तर तोच लुळा पडेल.
म्हटलं, हे माझ्या सासूला येऊन सांगा.

१२ ऑगस्ट
डॉक्टर आल्या. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मग माझ्या लेकाच्या पेशींना का नाही जमलं?"
"जन्मतःच असतं ते, गोगो आजी. नशीब."
"नशीब! आणि रोग घरात आणला कुणी?"
मी म्हटलं, "तुमच्या लेकानं. खाणीवर कामाला होता, तिथून." वर्षभर गिळलेलं एकदाचं ओकले.
"सिद्ध कर. सगळ्या गल्लीसमोर मी स्वतः तुझं काळं उतरवीन."
तेव्हा आठवलं. लिंडवे — माझी पहिल्या माणसाची पोर — नऊ महिन्यांची असताना, नव्व्याण्णवच्या डिसेंबरात, याच दवाखान्यानं आम्हा आयांचं रक्त अभ्यासासाठी गोठवून ठेवलं होतं. वेलेंकोसी त्यानंतर भेटला. म्हटलं, तपासा ते! तेव्हा मी स्वच्छ होते.
"नक्की ना? एकदा कळलं की कळलंच," डॉक्टर म्हणाल्या.
नक्की म्हणजे नक्की!

१३ ऑगस्ट
मेलास ते मेलास, वेलेंकोसी, जाताना तोंडानं कबूल करून तरी जायचंस. तू सुटलास, मी अडकले.

२० ऑगस्ट
आज मक्याच्या पिठाचा पुटू ढवळता ढवळता सासूबाई अचानक म्हणाल्या, "त्याचा बापही खाणीतून रोग घेऊनच यायचा. मी गप्प बसायचे." बस, एवढंच. मग माझं काळं उतरवायच्या दिवशीच्या बिअरसाठी ज्वारी भिजत घातली. निकालाची वाटसुद्धा पाहिली नाही! मला रडू आलं, त्याचाही राग आला.

२५ ऑगस्ट, शुक्रवार
निकाल आला: नव्व्याण्णवच्या ९ डिसेंबरचं रक्त. त्यात विषाणू आहे. नुकताच शिरलेला, नुसता उसळतोय. पेशी जाग्या व्हायला काही आठवडे लागतात, आणि तोवर दुसऱ्याला लागण सगळ्यात सहज होते. लिंडवेचा बाप नोव्हेंबरात आला होता, एकदाच, पोरीला बघायला, आणि रात्री राहिला. वेलेंकोसी खाणीतून नाताळच्या सुट्टीला आला. आम्ही त्याच आठवड्यात एकत्र आलो.
"यावरून कुणी कुणाला दिलं ते सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. मला तारखा कळतात.
सासूबाई दारात उभ्या आहेत, त्यांना यातलं अजून काही सांगितलेलं नाही. "पाणी तापलंय. चल पोरी, मी घालते अंघोळ." गल्ली जमलीय.