मामंजींचा नांगर

ती. वन्सं,

वाकून नमस्कार (गुडघे परवानगी देतील तेवढंच वाकून). तुमचा खोकला कसा आहे? सुनेचं ऐकता का? आम्ही दोघं खुशाल आहोत. म्हणजे मी खुशाल आहे आणि तुमचे बंधुराज गप्प आहेत.

झालं असं. पाण्याखालची पोवळ्यांची बाग पाहायला पर्यटकांना नेणाऱ्या होड्यांसाठी पर्यटन खात्याने नियम काढला. नांगर टाकायचा नाही, पोवळी मोडतात. त्याऐवजी खात्याने पाण्यात पिवळे तरंगते गोळे बांधून ठेवलेत, होडी त्यांना बांधायची. आता चाळीस वर्षं मामंजींचाच नांगर टाकत आलेला माणूस सरकारी गाठीवर विसंबेल का? "कोणी बांधलाय तो गोळा? मी ओळखतो का त्याला?" म्हणाले आणि टाकला नांगर. पहिली ताकीद! तिसऱ्या ताकिदीला परवाना रद्द. (परवाना गेला की हे दिवसभर घरात. वन्सं, स्पष्टच लिहिते, मला ते झेपणार नाही. एका सुट्टीत माझे स्वयंपाकघरातले सगळे डबे त्यांनी उंचीनुसार लावले. अजून मीठ सापडलेलं नाही.)

खात्याच्या इमारतीत तळमजल्यावर पर्यटकांना बोलावणारे बसतात आणि वर समुद्र सांभाळणारे. मधला जिना बहुधा शोभेचा असावा. तळमजल्याने जाहिरातीसाठी फोटोग्राफर पाठवला. "काका, जरा रुबाबात नांगर फेका!" काकांनी पाच वेळा फेकला, दर वेळी जास्त रुबाबात. महिन्याभरात बसथांब्यावर हे उभे, दुप्पट उंचीचे, नांगर हवेत, आणि खाली मजकूर: 'या, आपला समुद्र जपू या.' तळमजल्याने मानपत्र दिलं. त्याच दुपारी वरच्या मजल्याने तोच फोटो पुरावा म्हणून जोडून दुसरी ताकीद दिली. मी दोन्ही कागद घेऊन जिना चढले, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी घोटून घेतलेल्या अक्षरात अर्ज दिला. साहेब म्हणाले, "बाई, अक्षर फार सुंदर आहे हो." ताकीद तशीच.

लग्नानंतर पहिल्यांदा त्या होडीत बसले तेव्हा मी भीतीने काठ घट्ट धरला होता. मामंजी म्हणाले, "नांगर पडला ना सूनबाई, आता सोड." तो धबाक आवाज आणि साखळीची खळखळ अजून कानात आहे. म्हणून मी जे केलं ते लिहिताना हात अडतो. अवघड गोष्ट शेवटी आणि थोडक्यात लिहावी, असं सिस्टर सांगत.

तुमची
भावजय

ता. क. : दोन दिवसांत तुमच्याकडे एक जड खोकं येईल. वर 'जुनी पुस्तकं' लिहिलंय. आत नांगर आहे. हे केस कापायला गेले असताना मी तो होडीतून घरी ओढून आणला. तुमच्या तिसऱ्या मजल्यावर पलंगाखाली ठेवा, आणि भावाने फोनवर कितीही लाडीगोडी लावली तरी परत पाठवू नका.

ता. क. २ : खोकं टपालात द्यायला हेच खांद्यावर घेऊन गेले होते. "पुस्तकं आहेत हं," मी दोनदा सांगितलं. आत्ता परत आले, हातात नवा कोरा दोर, पिवळ्या गोळ्याला बांधायला. दारातूनच म्हणाले, "ताईला लिही, त्या पुस्तकांना महिन्यातून एकदा तेल लावत जा म्हणावं."