दोन बोटं मोठी खिडकी

३ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आईच्या खाटेजवळची खिडकी आता मोडकळीला आली आहे. चौकट खालून कुजली, झडप फुगून अर्ध्यातच अडते आणि सगळा गारठा आईच्या छातीत जातो. थंडीआधी खिडकी झाली नाही तर आईला तुझ्याकडे नेणार, असं तू बजावलंस. तेव्हापासून ती खाटेचा कठडा धरून आहे. पडल्या पडल्या आभाळ आणि विजेच्या तारा एवढंच दिसतं, तरी ही खोली सोडणार नाही म्हणते.

चौकट कशाची करू? दुकानदार फायबरग्लास म्हणतो. शेजारचे काका म्हणतात, लाकूड ते लाकूड. वहिनीने मागच्या पत्रात अ‍ॅल्युमिनियम सुचवलं. दिवसभर ब्लाउज शिवता शिवता माझ्या डोक्याचा भुगा झाला. तूच सांग. पण सभेत बोलतोस तसं नको, हळू लिही.

लोभ आहेच, त्यात थोडी सबुरी मिसळ.

तुझी धाकटी

११ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हळूच लिहितो. फायबरग्लासच! लाकूड पाणी पितं, फुगतं, वाळवीला पोसतं. अ‍ॅल्युमिनियम उन्हात तापतं आणि थंडीत गार पडतं; तुझ्या वहिनीच्या मताला मी घरातही जाहीर विरोध केला आहे. प्लॅस्टिक उन्हाने वाकतं. काचेच्या तंतूंची ही चौकट मात्र ना कुजते ना वाकते, आणि हवा तो रंग घेते. दोष एवढेच की महाग आहे, बसवणारे थोडे आहेत आणि एकदा घडली की घडली, लाकडासारखी रंधा मारून बसवता येत नाही. तेव्हा माप तू स्वतः घे. मापात तू कधी चुकली आहेस का?

आईला सांग, निर्णय झाला. आता कुणाचंही ऐकू नकोस, माझ्याशिवाय.

तुझा दादा

२ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न.

चौकट आली आणि बसेना. चारी बाजूंनी दोन बोटं मोठी! माप मी बरोबर घेतलं होतं रे. पण कागदावर उतरवताना हाताच्या सवयीने शिवणीसाठी माया सोडली. भिंतीला कुणी माया सोडतं का? बसवणारा म्हणतो, कापली तर कोपरे सैल होतील. दुकानदार परत घेत नाही. जुनी खिडकी आधीच काढून टाकलेली, आता तिथे प्लॅस्टिकचा कागद फडफडतो. आई खोकते आणि मधेच माझ्याकडे बघून हसते, का ते कळत नाही. काका रोज येऊन सांगतात की त्यांनी आधीच सांगितलं होतं.

मला तर आता लाकूडच बरं वाटतंय. रागावू नकोस. रागावलास तरी पत्र टाक.

तुझी धाकटी

९ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

रागावलो नाही, पालटलो. लाकूडच खरं! ते माणसाची चूक सांभाळून घेतं, तासलं की ऐकतं. हे मी घरात खुर्चीवर उभं राहून सांगत होतो. तेव्हा वहिनी म्हणाली, गेल्या महिन्यात याच खुर्चीवरून फायबरग्लासचा जयजयकार झाला होता. मी खुर्चीवरून खाली उतरलो. खिडकीचं काय करायचं ते मलाही कळेनासं झालंय.

एवढं मात्र कळतं की आईला त्या वाऱ्यात ठेवायचं नाही. येत्या रविवारी न्यायला येतो. तिची बॅग भरून ठेव. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा दादा

१४ नोव्हेंबर

चि. थोरल्यास,
आईचे अ. उ. आ.

बॅग मी भरू दिली नाही. तू आधी एक म्हणालास, मग दुसरं. धाकटी आधी तुझं ऐकते, मग काकांचं. मला काही उमगेना. म्हणून बसवणाऱ्यालाच विचारलं की चौकट लहान होत नाही तर भोक मोठं होईल का. तो डोकं खाजवत म्हणाला, होईल की. मग त्याने भिंत चारी बाजूंनी तासली. धूळ बसेपर्यंत मी स्वयंपाकघरात खुर्चीवर होते. आता खिडकी गुपचूप लागते आणि वारा बाहेरच राहतो. खोकला आहे, पण झोप लागते.

आणि खालची दोन बोटं उघडल्यामुळे आभाळाखाली रस्त्यावरची डोकी दिसू लागली. केस, टोप्या, छत्र्या. कुणाचं डोकं कुठलं, याचा माझा घोटाळा होतो. काल तू समजून दूधवाल्याला हाक मारली. तो बिचारा आत येऊन बसला.

तू ये. न्यायला नको, नुसता ये. खिडकीसमोरून मात्र हळू चाल. तुझं टक्कल कुठवर आलंय ते बघू दे.

आशीर्वाद देणारा हात अजून खिडकी उघडू शकतो.

आई