जावयांसाठी प्रसिद्ध गाव

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुमची प्रकृती ठणठणीत असणार, कारण तशी नसती तर तुम्ही तक्रारीची तीन कार्डं पाठवली असती. मामींना नमस्कार, आणि त्यांच्या गुडघ्यांना वेगळा. मागच्या पत्रात गुडघ्यांची चौकशी राहून गेली ते त्यांनी मनाला लावून घेतल्याचं कळलं. समोरच्यांची प्रकृती मी विचारत नाही. तुमचे सासरे, म्हणजे मामींचे वडील, यांना आपल्या घरात ‘समोरचे’ म्हणायचं आणि तेही अगदीच अडलं तर, हा नियम मी विसरलेलो नाही. (खोकला थांबला असेल तर मामींनी कळवावं. तुम्ही लिहू नये.)

मी इथे मजेत आहे. वजनकाटे दुरुस्त करायच्या कारखान्यात चिकटलो ते चिकटलोच. खोली लहान आहे, पण खिडकी मोठी आहे, त्यामुळे शेजारच्या माणसाचं जेवण काय आहे ते मला त्याच्या आधी कळतं. कारखान्यात दिवसभर किराणावाल्यांचे, रद्दीवाल्यांचे, दवाखान्यांतले काटे येतात. कुणाचा काटा आळशी, कुणाचा उतावळा, कुणाचा मालकाच्या बाजूने झुकलेला. मी ते खोलतो, पुसतो, स्प्रिंग बदलतो आणि मग मास्तरांच्या टेबलावर ठेवतो. काटेमास्तर म्हणजे आमचे तपासनीस. नेमकी वजनं टाकून बघितल्याशिवाय ते कशावरही विश्वास ठेवत नाहीत. ‘पाऊस पडतोय’ असं सांगितलं तरी हात खिडकीबाहेर काढून बघतात आणि मग म्हणतात, ‘हो, थोडा.’ त्यांची मुलगी बाहेरच्या खिडकीत पावत्या फाडते. तिच्याबद्दल विशेष लिहिण्यासारखं काही नाही. (ती हसताना आधी खाली बघते आणि मग वर बघते. पण हे काही लिहिण्यासारखं नाही, असं मी आत्ताच म्हटलं.)

तर झालं असं, की महिन्यापूर्वी चहाच्या सुट्टीत ज्याच्या त्याच्या गावाचा विषय निघाला. लेथवाला म्हणाला, आमचं गाव कात्र्यांसाठी प्रसिद्ध, एकदा धार लावली की पोराच्या लग्नापर्यंत बघायला नको. पॅकिंगच्या बाईंचं गाव घोंगड्यांचं. इतकी ऊब, की भर थंडीत लोक पाय बाहेर काढून झोपतात म्हणे. वॉचमनचं गाव वाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे टोप्या विकणारा सुखी आणि घालणारा दुःखी. स्वतः मास्तरांचं गाव कंदिलाच्या काचांचं. तिथली काच हातातून पडली तरी खाली पोचेपर्यंत विचार करते आणि बहुतेक वेळा फुटायचं रहित करते. (हे त्यांनी स्वतः पाडून बघितलंय, म्हणजे खरंच असणार.) मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मामा, तुम्हीच सांगा, काय सांगायचं? आपलं गाव कशासाठी प्रसिद्ध आहे? गाडी बदलण्यासाठी! आपल्या गावाला कुणी येत नाही, आपल्या गावावरून जातात. उतरतात, आळस देतात, मुतारी कुठे आहे ते विचारतात आणि दुसऱ्या गाडीत बसून आपल्याला विसरून जातात. वेशीवरच्या पाटीवर आपलं नाव बारीक आणि पुढच्या गावाचं मोठं, शिवाय त्याला बाण. आता हे मी सांगणार, तेवढ्यात मास्तरांची मुलगी कप गोळा करायला आली, मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, ‘आमचं गाव जावयांसाठी प्रसिद्ध आहे.’

लेथवाल्याचा घोट घशात अडकला. मुलीने खाली बघितलं, मग वर बघितलं. मास्तरांनी कप खाली ठेवला आणि फक्त ‘असं?’ म्हणाले. मामा, त्या ‘असं?’मध्ये पाच किलोचं वजन होतं. आता माघार घेतली तर तोंड काळं, म्हणून मी पुढे पुढे जात राहिलो. म्हटलं, आमच्याकडचा जावई सासऱ्याची तीच गोष्ट दुसऱ्यांदा ऐकतो आणि पुन्हा तिथेच हसतो. सासऱ्याचा चष्मा कपाळावर असला तरी आधी घरभर शोधतो, मगच सापडल्याचं सांगतो. म्हटलं, लांबलांबून लोक आमच्याकडे जावई बघायला येतात, म्हणून तर तिथे एवढ्या गाड्या थांबतात. (हे मला ऐन वेळी सुचलं आणि खरं सांगतो, मला स्वतःला पटलं.)

बोलताना एकीकडे डोळ्यांपुढे तुम्ही दोघं येत होतात, तुमच्या दारापुढच्या बाकावर तुम्ही आणि त्यांच्या दारापुढच्या बाकावर समोरचे. मधे गल्ली एवढीशी, की एकाने शिंकलं तर दुसऱ्याने नाक पुसावं. मी शाळेतून आलो की दप्तर ठेवायच्या आधी माझी नेमणूक दोन बाकांच्या मधे. ‘त्यांना सांग, पाऊस येणार.’ ‘त्यांना सांग, येणार नाही.’ एकमेकांना सगळं ऐकू जायचं, पण माझ्या तोंडून आल्याशिवाय कुणी ते ऐकलं असं धरायचं नाही. मी शाळेत असलो तर गाडी बदलायला उतरलेला एखादा गरीब उतारू तुम्ही धरायचात. आणि एवढं सगळं कशावरून, तर तुम्ही त्यांची शिडी नेली आणि परत दिली तेव्हा तिची एक पायरी कमी होती. तुमचं म्हणणं, ती पायरी आधीपासूनच नव्हती. त्यांचं म्हणणं, मग तुम्ही वर चढलात कसे? शिडी केव्हाच वाळवीने खाल्ली, भांडण मात्र अजून शाबूत आहे. मी कुणाची बाजू घेत नाही. (तुमची घेतो. पण समोरच्यांचा तो प्रश्नही वाईट नाही.)

असो. नमनालाच घडाभर तेल गेलं. पुढे काय झालं ते ऐका.

माझी कीर्ती संध्याकाळपर्यंत मालकांच्या कानावर गेली. मालकांना एक जावई आहे. तो कारखान्यात येतो, म्हणजे घरून उठून इथे येऊन बसतो. त्याची बसायची जागा म्हणजे पोती तोलायचा मोठा काटा, कारण त्याला टेकायला पाठ आहे. तो बसला की काटा फिरतो आणि जावई किती पोसला जातोय ते आल्यागेल्या सगळ्यांना दिसतं. मालक रोज तो आकडा बघतात आणि सुस्कारा सोडतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी जावयाला माझ्यापुढे उभं केलं आणि म्हणाले, याला तुमच्या गावचा करून द्या.

मी अविवाहित माणूस! मला सासरा नाही, सासू नाही, मी जावयाला काय शिकवणार? पण मास्तर शेजारच्या टेबलावरून बघत होते. मग मी त्याला दोनच गोष्टी शिकवल्या. सासरे बोलतील त्याला मान डोलवायची, आणि नुसती डोलवायची नाही तर दोन शब्द पदरचे घालायचे. माणूस आळशी असला तरी डोकं बरं आहे, लगेच शिकला. सासऱ्यांच्या मागे मागे हिंडू लागला. मालक म्हणाले ऊन आहे, की हा म्हणे, ‘ऊन कसलं, आग आहे, बाबा.’ मालक म्हणाले दमलो, की हा म्हणे, ‘दमणारच, वय का कमी झालं?’ अशी प्रगती चालू असताना एक मोठं गिऱ्हाईक आलं, दहा दुकानांचे काटे घेऊन. मालक त्याच्याशी हसत हसत म्हणाले, आमच्याकडून नेलेला काटा जरा जड दाखवू लागला तर लगेच आणा. तोच मागून आवाज आला, ‘जड दाखवणारच, बाबा, सगळेच दाखवतात!’

गिऱ्हाईक दहाही काटे उचलून घेऊन गेलं. मालकांनी मला बोलावलं आणि हात जोडून म्हणाले, याला होता तसा करून द्या. भीक नको पण कुत्रं आवर, अशी त्यांची अवस्था झाली होती. पण मामा, बिघडवलेला काटा सुधारता येतो, सुधारलेला जावई परत बिघडवायचा कसा हे कुणी शिकवलेलं नाही. तो अजून मान डोलवतोच आहे. हल्ली माझ्यापुढेही डोलवतो. मालक दिसले की मी मागच्या दाराने निघतो. एकंदरीत नोकरी बरी चालली आहे.

बाकी सर्व क्षेम. माझं तुमच्याकडे काहीही काम नाही, सहज आठवण आली म्हणून चार ओळी खरडल्या. मामींना पुन्हा नमस्कार.

तुमचा (निदान हे पत्र वाचेपर्यंत तरी) लाडका
भाचा

ता. क. : ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मास्तर येत्या रविवारी त्यांच्या पत्नीला आणि मुलीला घेऊन आपल्या गावी येत आहेत. त्यांनी मला सरळ सांगितलं, ‘मुलीचं मन मला कळलंय, तुमचंही कळलंय, आता माल बघतो. सगळे जावई नकोत, नमुन्यादाखल एक दाखवा.’ मामा, मला लहानाचं मोठं तुम्ही केलंत. माझ्या बाजूने दाखवायला वडीलधारं माणूस तुमच्याशिवाय कोण आहे? आणि सासऱ्याच्या समोर राहणारा जावई गावात तुम्ही एकटेच. तेव्हा पाया पडून सांगतो, रविवारी एक दिवस, फक्त एक दिवस, तुम्ही आणि समोरचे एका बाकावर बसा. बोलू नका वाटल्यास. मधे थोडी जागा सोडा. पण बाक एकच असू द्या. तिने नाही म्हटलं तर मी समजून घेईन, पण एका शिडीच्या पायरीमुळे ती गेली तर मला फार वाईट वाटेल. खरंच वाटेल.

ता. क. २ : तुमच्या मानाला धक्का नको म्हणून एक नवीकोरी शिडी, सगळ्या पायऱ्या मोजून, आज सकाळी गाडीच्या टपावर टाकून पाठवली आहे. ती समोरच्यांना द्यायची. ‘त्यांना सांगा, ही घ्या’ एवढंच म्हणायचं. सांगायला मधे कंडक्टर आहेच.

ता. क. ३ : पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात मास्तरांची मुलगी खोलीच्या दाराशी आली. (आत आली नाही. शेजारचा खिडकीतून बघत होता.) म्हणाली, बाबांना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक आहे. ती लहान असताना ते एकदा आपल्या गावी गाडी बदलायला उतरले होते आणि तुमच्या तावडीत सापडले होते. तुम्ही त्यांना म्हणालात, ‘त्यांना सांगा, गार वारा सुटलाय, मफलर घ्या.’ समोरचे म्हणाले, ‘त्यांना सांगा, मला कळतं,’ आणि मफलर गुंडाळला. मग ‘त्यांना सांगा, कानावरून घ्या.’ या गडबडीत मास्तरांची गाडी चुकली. पाहुणा कुणाकडे जेवणार यावरून पुन्हा तुमची जुंपली आणि मास्तरांना दोन्हीकडे जेवावं लागलं. माझ्या थापा ते इतके दिवस तोंड मिटून ऐकत होते, काटा कुठपर्यंत जातो ते बघत.

मी म्हटलं, संपलं. ती म्हणाली, नाही. बाबा म्हणतात, ज्याला खरंच तोंड बघायचं नसतं तो खिडकी लावून घेतो. हे दोघं रोज संध्याकाळी समोरासमोर येऊन बसतात, आणि इतक्या वर्षांत एकानेही बाक आत नेलेला नाही. जावई बोलला नाही तरी चालेल, पण असा रोज येऊन बसणारा हवा. हे सांगून तिने खाली बघितलं. मग वर बघितलं. मामा, मला त्या क्षणी तुम्ही दोघंही फार आवडलात.

तेव्हा वरचं सगळं रद्द समजावं. मास्तरांनी त्यांच्या पत्नीला दोन बाक, मधली गल्ली आणि मफलर सगळं दाखवायचं कबूल केलं आहे. मुलीला तर निरोप स्वतः पोचवायचे आहेत. कृपा करून रविवारपर्यंत समेट करू नका. एका बाकावर तर मुळीच बसू नका.

ता. क. ४ : शिडी मात्र निघून गेली आहे, ती आता थांबवता येत नाही. पत्राच्या आधी ती पोचली आणि तिच्यामुळे तुमचं गोड झालं तर माझे बारा वाजले. पण फार काळजी वाटत नाही. शिडी एकच आहे, आणि ती कुणासाठी आहे ते तिच्यावर लिहायचं राहून गेलंय.