कोहळ्याला पहिला चाकू

माय, कोहळ्याला पहिला चाकू तू कधीच लावला नाहीस. चुलीपाशी बसून हाक मारायचीस, "पोट्ट्या, ये इकडं, चाकू लाव." मी कुणाच्या तरी सायकलमागं पळत असायचो. बाबा वावरात, म्हणून घरातला माणूस मी, आठ वर्षांचा. अख्खं कोहळं बाईनं कापू नये, ते लेकरावानी असते, असं तू सांगायचीस. मी दोन्ही हातांनी चाकू दाबायचो, साल फाटल्याचा आवाज झाला की तू म्हणायचीस, "झालं तुह्यं काम, जाय आता," आणि मी परत पळायचो. पुढचं मी कधी थांबून नीट पाहिलं नाही. पळता पळता एवढंच दिसायचं की तू देठाकडची एक पातळ फोड काढतेस आणि भिंतीकडं तोंड करून कच्चीच चावतेस. मला वाटायचं, माय चोरून खाते.

तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. मी अमरावतीच्या बसस्टँडवर बसलोय, समोरच्या दुकानातून वही घेतली आणि लिहायला लागलो. दहावीनंतर एवढं सलग कधी लिहिलं नाही, तेव्हा चुकलं तर चुकलं. मला भीती वाटून राहिली आहे. अकोल्याला ताईच्या घरी येत्या रविवारी डोहाळजेवण आहे, तिला सातवा महिना आहे, आणि रविवारच्या आत मला तिथं जाऊन एक गोष्ट सांगायची आहे. अकोल्याच्या तीन गाड्या माझ्यासमोरून गेल्या. बाजूला पिशवीत एक पिवळं फळ आहे. आताच एका बाईनं विचारलं, "खरबूज कितीले देता, भाऊ?" मी म्हणालो, विकायचं नाही. तिला वाटलं मी भाव वाढवतोय.

ते खरबूज नाही. त्याला स्पॅगेटी स्क्वॉश म्हणतात, बाबा शेवयाचं कोहळं म्हणतात. मागच्याच्या मागच्या वर्षी मी चिखलदऱ्याला एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात होतो. परतवाड्याहून जीपनं वर गेलो होतो, खरं तर दोन दिवस फिरायला, मग तिथंच कामाला राहिलो. त्या जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती, उतरताना तिचा मालकच सापडेना, ती गोष्ट वेगळीच आहे. तर तिथं एक उस्ताद होते, उत्तरेकडचे. ते फळ उकडायचे, काट्यानं खरवडायचे, आणि गराच्या अख्ख्या शेवया निघायच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चाकू खाली ठेवून नुसता पाहत राहिलो. मी उभं कापायला गेलो की ते म्हणायचे, "आड़ा काट, बेटा. धागा गोल घूमता है, लंबा काटेगा तो टूटेगा." आडवं कापायचं, बी काढायचं, कापलेली बाजू खाली करून थोड्या पाण्यात झाकण ठेवून उकडायचं, गार झालं की कडेकडेनं खरवडायचं. आणि फडक्यात हलकं पिळायचं, नाहीतर ताटात पाणीच पाणी होतं. ते लोणी-लसणावर परतून मिरपूड टाकायचे.

निघताना मी बी मागून घेतलं. तिथं टेबलांवर मांडायला शोभेचे छोटे भोपळे असायचे, हिरवे, पट्ट्यापट्ट्यांचे, चामखिळीसारख्या गाठींचे. तेही मला आवडले, त्यांचंही बी खिशात टाकलं. मोर्शीला आपल्या वावरात, संत्र्याच्या ओळी संपतात तिथं विहिरीजवळ, दोन्ही शेजारी शेजारी लावले. पहिल्या वर्षी कोहळी चांगली निघाली. बाबांनी खाऊन सांगितलं, "याची चव कुठी गेली? पानी खाल्ल्यावानी लागते. तिखट टाक." मग मी मोहरी, जिरं, हिरवी मिरची, शेंगदाणे अशी फोडणी देऊन उपम्यासारखं केलं, वरून लिंबू. एकदा बेसन पेरून केलं. एकदा तुझ्या काळ्या मसाल्याचा रस्सा केला आणि वाटीत शेवया घालून वरून ओतला, तेव्हा बाबांनी दुसऱ्यांदा घेतलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, शिकला एकदाचा काहीतरी. त्या फळांचं बी ठेवलं, ते यंदा लावलं. दोन वेलांची फुलं शेजारी असली की मधमाशा पराग इकडचे तिकडं करतात आणि त्या बियांतून पुढं कडू, विषारी फळ निघू शकतं, हे मला माहीत होतं. उस्तादांनी सांगितलंही होतं, "एक भी कड़वा निकले तो पूरी बेल उखाड़ दे, बीज जला दे." मी तेव्हा खिडकीतून माकडं पाहत होतो.

आणि तू तर कितीतरी आधी सांगितलं होतंस. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. घरात पाहुणे येणार, दुधीशिवाय भाजी नाही. तू दुधी चिरलीस, देठाकडची फोड तोंडात घातलीस आणि लगेच थुंकलीस. चिरलेली सगळी परात उचलून उकिरड्यावर. बकरी धावत आली तर तिला काठीनं हाकललंस. मी म्हणालो, "गूळ टाक नं, माय. समजनार नाही कोनाले." तू माझा कान धरलास. अजून तो कान गरम होतो कधीकधी. "कडू हावो म्हणून ते सोताच सांगून राहिलं तुले. त्याच्या तोंडात गूळ कोंबतं काय?" त्या दिवशी पाहुण्यांना तू पिठलं वाढलंस आणि मी रुसून जेवलो नाही. आता समोर दिसतेस, परात धुतेस, तीन वेळा धुतेस, आणि मला वाटतं, ही बाई एवढं काय भिते.

गेल्या आठवड्यात तीन फळं घेऊन अकोल्याला गेलो. दोन वर्षांनी गेलो, माय. ताईनं दारातच म्हटलं, "आला का पाहुना? आता किती घंटे थांबतं?" तिची सासू चांगली बाई आहे, ताई आत्याबाई म्हणते, मी मावशी म्हणतो. फळ हातात फिरवून मावशी म्हणाल्या, "हे कोहळ्याच्याच जातीचं नं? मंग मामानंच चाकू लावाव. आमी बायका लावत नाही, अन् हिनं तं पाहूबी नाही कापतानी." ताईला खोलीत पाठवलं. मी पाटावर बसून आडवा चाकू लावला, तसाच आवाज झाला. माझं काम झालं. मावशींना वाटलं, ज्यानं आणलं, कापलं, त्यानं चाखून पाहिलंच असेल. त्यांच्या घरीही चाखायचं काम बायकांचंच असणार, पण पहिला चाकू माझा, स्वयंपाकही माझा, मग त्या बाजूला बसल्या. देठाकडची फोड कुणीच तोंडात घातली नाही.

ते पहिलं फळ चांगलं निघालं. फोडणीच्या शेवया केल्या. ताई म्हणाली, "गिरणीतून काढून आनल्या का रे?" भाऊजींनी डब्यात नेल्या. मावशींनी बी धुऊन सुपात वाळत घातलं. दोन दिवसांनी, गुरुवारी दुपारी, दुसरं कापलं. ताईला झणझणीत रस्सा हवा होता, सकाळपासून मागं लागली होती. मी खीर केली. शेवया तुपावर परतल्या, गूळ टाकला, वेलची, आणि गार झाल्यावर दूध, म्हणजे फाटत नाही. ताई म्हणाली, "तू तं तिखट करनार होता." मी म्हणालो, "आज गोड खाय. लेकराले गोड पाह्यजे." मावशींचा उपास, भाऊजी कामावर. मी चमचाभर घेतली. ताईनं दोन वाट्या संपवल्या. तिला तुझं वळण आहे, ताटात टाकायचं नाही, आणि भाऊ दोन वर्षांनी आला होता.

तासाभरात तिच्या पोटात मुरडा आला. आधी हसत होती, मग भिंत धरून बसली, मग उलटी थांबेना. ऑटोत मी तिचं डोकं धरलं होतं, कपाळ गार पडलेलं. दवाखान्यात सलाईन लावलं. सिस्टरनं पोटावर ते ठोके ऐकायचं यंत्र ठेवलं. एका जागी काही नाही. सरकवलं, तिथंही काही नाही. नुसती खरखर. मावशींनी तोंडाला पदर लावला. ताई माझ्याकडं पाहत होती, सिस्टरकडं नाही, माझ्याकडं. मी यंत्राच्या वायरकडं पाहत होतो. तिसऱ्या जागी, आपल्या विहिरीवरचा पंप पाणी धरायच्या आधी नुसती हवा ओकतो आणि मग एकदम धरतो, तसं झालं. धडधड धडधड. सिस्टर म्हणाली, "आहे. घाबरू नका."

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं. माझ्या आधी मावशी बोलल्या, "खीर जी. दूध नासकं असंल." डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली. दोन दिवसांनी ताई घरी आली, बाळ ठीक आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी दारातूनच गवळ्याला सांगितलं, "उद्यापासून नोको." तो कॅन हातात घेऊन उभाच राहिला. "बाई, पंधरा वरसं झाले. काय झालं ते तं सांगा." मावशींनी दार लावलं. मी आत चहा पीत होतो, त्याच्याच दुधाचा. बाबांना पाहिजे म्हणून तिसरं फळ पिशवीत टाकलं आणि निघालो. ताई म्हणाली, "जाय. तू कोठी टिकतं." एवढंच.

अमरावतीला उतरून मोर्शीची गाडी धरायची होती. वेल उपटून जाळून टाकायचा, फळ पुरायचं, कुणाला कळणार नाही, असं ठरवत होतो. तेवढ्यात ताईचा फोन. आवाज अजून बारीक. "बी किती सुंदर वाळलं रे. आत्याबाईनं एकवीस पुड्या केल्या. रईवारी येईन तिच्या ओटीत एक पुडी, मामाच्या कोहळ्याचं बी म्हनून. तू येशीन नं?" सुपात पहिल्या फळाचं बी होतं, दुसऱ्याचंही त्यातच मिसळलेलं. एकवीस घरं, माय. एकवीस परसबागा, कुणी गच्चीवरच्या डब्यात लावेल. कुणाची तरी पोरगी चाकू लावायला भावाला हाक मारेल. त्यात कुणी पोटुशी असेल, कुणी म्हातारं, आणि तिथं ते यंत्र तिसऱ्या जागीही काही ऐकवणार नाही. फोनवर मी म्हणालो, "पाहतो." ताई म्हणाली, "पाहतो म्हंजे नाही."

फोनवर सांगता आलं असतं. तीन वाक्यं आहेत. पुड्या वाटू नका, बी जाळा, ते कडू आहे. पण मग ती विचारेल, तुले कसं मालूम. म्हणून तुला लिहितोय. तू उलटून विचारत नाहीस, तुझा पत्ताही नाही, हे कागद वहीतच राहणार.

तर हे घे. गुरुवारी मी चाखलं होतं. खरवडताना काट्याला एक शेवई चिकटली, ती सवयीनं तोंडात टाकली. जिभेच्या मुळाशी असं कडू लागलं की डोळ्यात पाणी आलं. मोरीत थुंकलो. बाहेर ताई मावशींना सांगत होती, "माह्या भावाच्या हाताले मायची चव आहे." मी दोन मिनिटं परातीकडं पाहत उभा राहिलो. मग रश्श्याचं वाटण बाजूला ठेवलं आणि गुळाचा डबा उघडला. पहिली वाटी खाताना तिनं विचारलं होतं, "गूळ जळला का रे?" मी हो म्हणालो.

चौथी गाडी लागली आहे, कंडक्टर अकोला अकोला ओरडतोय. तिकीट अकोल्याचंच काढतो. पण मधे मूर्तिजापूर लागतं, माय, आणि मी मधेच उतरणारा माणूस आहे, हे तुला माहीत आहे.